गाढवं सहा हजार सातशे वीस

पाच वाजून दहा मिनिटांनी नळ आधी खोकतो,
नुसत्या वाऱ्याचं एक लांब वाक्य बोलतो,
मग पाणी.
पारसिकच्या उतारावर आमची चाळ सगळ्यात वर.
खालच्यांचं भरून उरेल ते आमचं:
दोन पिंपं, चार हंडे, आणि नशीब असेल तर कळशी.

तेवढ्या वेळात मी वाचते,
मोरीच्या उंबऱ्यावर, मांडीवर शास्त्र उघडून.
शांतवन आत पलंगावर.
साखरेनं त्याचे डोळे नेले, आधी डावा, मग उजवा.
आता माझा आवाज आणि पाण्याचा आवाज
त्याच्याकडे एकदमच पोचतात.
‘मोठ्यानं वाच,’ म्हणतो, ‘पाणी जिंकतंय.’

समासात त्याच्या पेन्सिलीच्या जुन्या खुणा आहेत.
अठ्ठावीस वर्षं वागळे इस्टेटीत स्टोअरकीपर होता.
नट, बोल्ट, वॉशर.
माल आला की बरोबरची खूण,
नाही आला की रिकामा चौकोन.
इथंही तसंच. बरोबर, बरोबर, बरोबर,
आणि आमची सुवार्ता गेली त्या वर्षीच्या
एका स्तोत्रापुढे चौकोन.
तो अजून रिकामाच आहे.
मी कधी विचारलं नाही.

एकदा मी हुशारी केली.
रविवारी उपासनेहून आल्यावर
सात अध्याय एका दमात वाचून टाकले,
आठवड्याचा भरणा.
सोमवारी पाचला हा उठून बसलेला.
‘काल झालं की,’ म्हटलं.
‘मग सुईसुद्धा रविवारीच टोच,’ म्हणाला,
‘सातही दिवसांची.’
मी मुकाट्यानं पान उघडलं.
रानातला मान्ना उद्यासाठी ठेवला
की त्यात किडे पडायचे, हे लहानपणी पाठ केलेलं.
चार दिवसांच्या पिंपाच्या तळाशी काय वळवळतं
ते मी लुगड्याच्या पदरानं गाळलंय.

मग तो बुधवार.
अकरा वाजता कळव्याच्या इस्पितळात
अंगठा ठेवायचा की काढायचा, ते ठरणार होतं.
मला त्या पहाटे काहीतरी मोठं हवं होतं.
अग्नीचा स्तंभ. दुभंगलेलं पाणी.
निदान एखादं वापरून मऊ झालेलं स्तोत्र.
पण विजेच्या बिलाची खूण होती तिथंच होती:
बंदिवासातून परतलेल्यांची यादी.
ह्याचे वंशज इतके, त्याचे वंशज तितके,
जिभेला गाठी पडतील अशी नावं.
‘गाळू का रे आजच्या दिवस?’
‘मोजल्याशिवाय सही नाही,’ म्हणाला.
वाचत गेले. हंडा भरून वाहायला लागला, तरी वाचत गेले.
घोडे. खेचरं. उंट.
गाढवं सहा हजार सातशे वीस.

आणि शांतवन हसला.
कितीतरी दिवसांनी, पोटातून, खाट कुरकुरेपर्यंत.
‘एवढं घर जळालेलं, देऊळ पडलेलं,
माणसं रडतायत,
आणि कुणीतरी बसून गाढवं मोजतोय!
आणि वरचं वीस सोडत नाही, बघ.
आपला माणूस आहे तो.’
मग पाय माझ्याकडे सरकवला, पट्टी बदलायला.
मला रडू आलं ते त्यानं ऐकलं नाही.
पाणी जिंकत होतं.

अंगठा गेला.
शुद्धीवर आल्यावर परिचारिकेला म्हणाला,
‘नऊ. लिहून घ्या.’

घरी आल्यावर त्यानं पेन्सिल मागितली.
मी त्याचं मनगट धरून समासापर्यंत नेलं.
हात थरथरला, खूण घसरली,
गाढवांची होती ती उंटांवर पडली.
‘बसली का बरोबर?’
‘बसली,’ म्हटलं.

काल रात्री शुक्रवारचं पान
बोटाखाली आलं होतं.
मी ते उलटलं नाही.
आता नळ खोकतोय.
आतून पलंग वाजला.