काचेची पट्टी

सुलक्षा फोनवर म्हणते, पपा, या महिन्यात दीड सेंटिमीटर.
बाळाची उंची सांगावी तसं.
तिकडे जमीन वाढते.
पोत्सुओलीत, नेपल्सच्या अलीकडे,
बंदराचा तळ इतका वर आलाय
की होड्या बांधल्या जागी चिखलात बसल्यात,
आणि ती जिची शुश्रूषा करते ती म्हातारी, आसुन्ता,
भांड्यांच्या कपाटाला दोरी आवळून मग झोपते.

ज्वालामुखी म्हणजे मला शाळेच्या पुस्तकातला डोंगर,
वर धुराची शेंडी.
ती म्हणते, डोंगर नाही हो, वाटी.
आम्ही वाटीच्या तळाशी राहतो, काही लाख जण,
शाळा, इस्पितळ, घोड्यांची शर्यत, सगळं वाटीत.
जुन्या बाजारात तीन संगमरवरी खांब आहेत म्हणे,
पुरुषभर उंचीच्याही वर त्यांना शिंपल्यांनी पाडलेली भोकं.
म्हणजे खांब बुडाले होते. मग बाहेर आले.
कुणी काढले?
कुणी नाही, पपा. खालून.

मी शिरगावात सोप्यावर बसून ऐकतो.
माडांपलीकडे खाण. बंद. पोटात हिरवं पाणी.
एकवीस वर्षं मी तिथं सुरुंग भरले.
दुपारी एकचा भोंगा, लाल बावटा,
मग मोजायचं, एक, दोन, तीन,
आणि पायांखाली कुणीतरी कूस बदलायचं.
घरं तडकली. माझंही तडकलं, माझ्याच हातानं.
मग कंपनीची माणसं आली,
भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, लाल रंगानं तारीख घातली.
फुटली तर भिंत हलतेय, म्हणाले,
नाही फुटली तर तुमचा भ्रम.
प्रेमावती सकाळी आधी काच बघायची, मग देव.
तिसऱ्या पावसाळ्यात फुटली.
बघायला कुणी आलं नाही.
विहीर तर त्याआधीच आटली होती.

तिकडे चार रंग आहेत. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा.
सध्या पिवळा.
आमच्या कामात पिवळा नव्हताच.
पिवळ्यात माणसानं काय करायचं, मी विचारतो.
ती म्हणते, बाजार. इस्त्री. आसुन्ताचं इंजेक्शन.
दाराशी पिशवी भरलेली,
पासपोर्ट, औषधं, बॅटरी,
आणि जत्रेतल्या मोगरीची सुकून तपकिरी झालेली माळ.
तो पासपोर्ट काढायला माझ्या बापाचा जन्मदाखला
पोर्तुगीज वहीतून मीच शोधून आणला होता.
पान वाळवीनं खाल्लेलं, नाव तेवढं शाबूत.
किती आनंदलो होतो मी.

मी धोंड आहे, लईराईचा.
वैशाख शुद्ध पंचमीची रात्र सरता सरता निखाऱ्यांवरून चालतो.
पण आमच्या आगीला पंचांगात दिवस आहे.
उपास धरायचा, तळीत बुडी मारायची,
हातात वेत घ्यायचा, आईचं नाव घेत धावायचं.
लाकडं रचताना आम्ही बघतो,
किती, कुठली, कुणाच्या हातची.
तिकडच्या आगीचं सरण कुणी रचलं, कुणालाच ठाऊक नाही.
शास्त्रज्ञ म्हणतात, कदाचित लवकर,
कदाचित नातवाच्या नातवानंतर,
कदाचित नाहीच.
खोटं बोलत नाहीत बिचारे.

परत ये, असं म्हणायला तोंड उघडतो.
मग आठवतं, काच फुटली तेव्हा
मी कुठं गेलो होतो?
दुसऱ्या दिवशी एकच्या भोंग्याला हजर होतो.

परवा पहाटे पाचला फोन. तिकडे रात्रीचा दीड.
ती बोलली नाही. फोन नुसता चालू ठेवला.
मी बशा ऐकल्या, एकमेकींवर दात वाजवणाऱ्या,
मग कुत्रा, मग म्हातारीचं काहीतरी, शिवी किंवा प्रार्थना.
मी मोजत होतो. भोंगा झालाच नव्हता, तरी मोजत होतो.
अकराला ती म्हणाली, झालं.
चहा ठेवते, म्हणाली.

बॅटरी घेऊन मी भिंतीपाशी गेलो.
अर्धी काच अजून चिकटलेली आहे.
तारखेतला दिवस गेला, महिना गेला,
वर्ष तेवढं राहिलंय.