सात नंबरची जाळी

गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी पेठ तालुक्यातली पानं मोजते.

पानं म्हणजे, पानांवरून परतलेला उजेड.
तो वर जातो, पावणेआठशे किलोमीटर,
आणि माझ्यापर्यंत आकडे होऊन येतो.
दहा मीटरचा एक चौकोन :
त्यात तीन ऐन, एक बोंडारा,
खाली बसलेली कुणाची तरी गाय,
सगळं मिळून एकच हिरवा ठिपका.

प्रश्न साधा आहे.
जमिनीची एक सतरंजी धरली
तर तिच्यावर झाडाच्या पानांच्या किती सतरंज्या अंथरता येतील?
एक आली तर रान विरळ, चार आल्या तर दाट.
चाराच्या पुढे उपग्रहाला कळेनासं होतं.
पानाआडचं पान त्याला दिसत नाही,
मग पाच काय न् सात काय.

आणि आषाढापासून,
डोंगर पानांनी फुगलेला असतो नेमका तेव्हा,
माझ्या पडद्यावर नुसते ढग.
देवरे सर म्हणतात, मधले आकडे काढून भरून टाक.
भरते मी.
परीक्षेत शेजारणीचं बघून लिहावं तशी.

म्हणून जाळ्या.
चार बांबू, मच्छरदाणीचं कापड, कमरेएवढी उंची.
ढगांनी झाकलं ते पौषापासून गळायला लागतं,
दर पंधरा दिवसांनी पिशवीत भरायचं,
वाळवायचं, तोलायचं,
काही पानं आलेखाच्या कागदावर ठेवून
कडेकडेने पेन्सिल फिरवायची.

फाल्गुनात सात नंबरची जाळी रिकामी निघाली.
कापड झटकलेलं. एक गाठ सुटली असावी,
ती कुणीतरी पुन्हा, माझ्यापेक्षा बरी, बांधलेली.

चिमणाबाई भोये बांधावरच होत्या.
"पाला व्हता. राबाला नेला."
अहो, तो मोजायचा होता.
"मंग इचारायचं ना. दीड पाटी व्हता. दाबून."
थोडं थांबून :
"साग कमीच. ऐनाचा जास्त.
आवंदा ऐनाचं पान बारीक हाय."
आणि हाताची चार बोटं दाखवली,
मग एक मिटली.

त्यांनी खाचर दाखवलं.
शेण, त्यावर पाला, पाल्यावर बारीक माती.
मी वाकून पाल्याचा थर चाचपला,
पट्टी गाडीत राहिली होती.
घोट्यापर्यंत.
साऱ्या उतारावरची पानं
त्या एवढ्याशा तुकड्यावर.

वहीत लिहिलं : सात नंबर, दीड पाटी,
चि. भोये यांच्या सांगण्यावरून.
सरांनी त्यावर पेन्सिलीने
प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं मात्र नाही.

वैशाखात नवं चित्र उतरलं.
सातच्या खालच्या अंगाला एक चौकोन काळा.
संगणकाने आपलं आपण नाव दिलं : वणवा.

मी ते पुसलं.
रकान्यात टंकलं : राब.
लाल अक्षरांत आलं, हा शब्द यादीत नाही.
पुन्हा टंकलं. पुन्हा तेच.
डबा उघडायची वेळ झाली होती,
मी पडदा तसाच ठेवून उठले.