साडेतीन ओळी

फेरीबोटीतून उतरतात ती माणसं.
काखेत तीच कादंबरी, मुखपृष्ठावर मशाल आणि कवटी,
आणि मला विचारतात, भुयार कुठे?

मी सांगते, चढणीला लागा,
पोदेराच्या भट्टीपाशी वळा,
एर्मेलिंदाबायच्या डुकरांच्या खोपटामागे
एक दगडी तोंड आहे.
पान दोनशे सतरावर तिथून घोडेस्वार जातो.
आमच्याकडे मांजर जातं, तेही अंग चोरून.

अर्धा दोष माझा.
तळवणेकर आला तेव्हा मी पणजीला, दफ्तरखान्यात,
निवृत्तीला चार महिने उरलेले,
वाळवीने चाळण केलेल्या खतावण्यांवरून
मऊ ब्रश फिरवत बसायचे.
म्हणाला, बाई, खरं असं काहीतरी द्या,
चिमूटभर. मिठाएवढं.
मी वाचून दाखवलं.
मठाचा खर्च, साल सोळाशे आणि पुढचा आकडा फाटलेला,
कारकुनाचं अक्षर डावीकडे कललेलं :

    नाला उपसण्यासाठी खाली सोडलेला माणूस
    वर आला नाही. त्याच्या बायकोला
    तांदूळ, दीड कुडव, एकदाच.
    दोर

आणि पुढे भोक. करंगळी जाईल एवढं.

त्या भोकातून तळवणेकराने
तीनशे ऐंशी पानं ओढून काढली.
माणसाचा हेर झाला, नाल्याचं भुयार,
तांदळाच्या जागी मोहरांचे पेटारे.
बायकोला गाळलं.
तिच्याऐवजी एक हिरव्या डोळ्यांची फिरंगी विधवा,
जी चाळिसाव्या पानावरच दाराची कडी काढते.

रागवायला हवं होतं.
पण मी ते एका रात्रीत संपवलं, ताटावरचं झाकणही न काढता,
आणि शेवटी तो अंधारात दोर कुरतडू लागतो
तेव्हा माझेच तळवे ओले.
चाळीस वर्षं मी ती खतावणी ओळखत होते.
त्या माणसाला खाली अंधार असेल,
हे मला एका थापाड्याने सांगितलं.

यातलं खरं किती, हे सगळेच विचारतात.
कुडाळहून आलेल्या एका पोराने
मोबाइलवर भागाकार केला,
साडेतीन ओळी भागिले साडेअकरा हजार,
आणि नाक उडवलं. म्हणजे बाकीच्या बाताच ना?
मी म्हटलं, हो.
मग म्हटलं, थांब.
तोवर तो सेल्फी काढायला वाकला होता.

एर्मेलिंदाबाय वाचत नाही.
वीस रुपये घेते, लिंबूसोडा देते,
डुकरांना हाकलून तोंड मोकळं करून देते.
नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, मी पाहिलं :
नाल्याच्या दगडावर केळीचं पान,
पानावर मूठभर भात.
कोणासाठी गं?
पयलींसावन आसा, ती म्हणाली. आजीही ठेवायची.
पहिल्यापासून म्हणजे आजीपासून,
की फेरीतून पुस्तकं उतरू लागल्यापासून,
हे मी विचारलं नाही.
दफ्तरात असते तर विचारलं असतं,
तारीख घातली असती, सही घेतली असती.
भात गरम होता. वाफ येत होती.
मी चप्पल काढली, का ते माहीत नाही.

राहिला तो दोर.
तळवणेकराकडे तो कापला जातो, दगाफटक्याने,
पावसात, घंटा वाजत असताना.
वाचक तिथे श्वास धरतात.
मी आयुष्यभर कारकुनांचं अक्षर लावलंय.
तो डावीकडे कललेला गडी
दगा लिहिणारा नव्हे.
भोकाच्या जागी काय असणार ते मला कीड न विचारताही ठाऊक आहे :
नवा घेतला. इतके हात लांब.
आणि किंमत.