पिवळा त्रिकोण

मंगळवारी रात्री कॉम्प्युटरने परस्पर अपडेट घेतलं,
मला न विचारता.
सकाळी खालच्या कोपऱ्यात
वायफायच्या कमानी नव्हत्या.
नुसता पृथ्वीचा गोल, राखाडी, आणि त्यावर फुली.

पुन्ता आरेनासमध्ये वारा असा
की चौकात दोर बांधतात, माणसांना धरायला.
म्हटलं, त्यानंच नेलं असेल.
पण राउटरचे तिन्ही दिवे हिरवे, शहाण्यासारखे.
शेजारच्या यास्नाने तिच्या फोनवर
माझंच नेट लावून दाखवलं.
"नेट आहे, ओनोफ्रे. तुमच्या मशीनला ऐकू येत नाहीये."

ऐकू येत नाही!
एकतीस वर्षं मी सामुद्रधुनीच्या तोंडाशी
रेडिओला कान लावून बसलो.
खरखरीतून, नुसत्या खोकण्यावरून
कोणता कप्तान ते सांगायचो.

डिव्हाइस मॅनेजर उघडला.
कीबोर्ड, माऊस, स्पीकर, सगळे हजर,
आणि नेटवर्क अॅडॉप्टरच्या ओळीला
पिवळा त्रिकोण, पोटात उद्गारचिन्ह.
कोड दहा. हे उपकरण सुरू होऊ शकत नाही.
(मलाही सकाळी तसंच होतं, पण माझ्यावर कोणी त्रिकोण लावत नाही.)

बंद केलं, चालू केलं.
ड्रायव्हर काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं,
तर त्याने तोच बिघडलेला ड्रायव्हर
मानानं परत आणून बसवला.
जुन्यावर परतायचं बटण होतं,
फिकट, दाबलं तरी न दबणारं.
मग सल्ला आला: नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवा.

वा.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही
आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

शेवटी लॅपटॉप उताणा केला,
भिंग घेतलं, पुसट लेबल वाचलं,
आणि खिडकी उघडून वाऱ्यात ओरडलो:
"ब्राव्हो! किलो! सात! शून्य! टँगो!"
पलीकडच्या खिडकीतून यास्ना:
"टँगो की डेल्टा?"
"टँगो!"
किती वर्षांनी कोणी मला
अक्षर पुन्हा विचारलं.

ती पेनड्राइव्ह घेऊन आली, बेकरीतून तशीच,
पेनड्राइव्हला पीठ.
फाइल जुनी, सात वर्षांपूर्वीची.
मीच फुंकर मारली, मीच खोचला.
हिरवी पट्टी सरकत, अडकत, सरकत गेली.
त्रिकोण विझला.

आणि मग एकेक करत उगवले:
तिसरा_मजला, झ्लातार_कुटुंब,
वाय-नाय, पासवर्ड_मागू_नका,
एक कुलूप, दोन रेघा, चार रेघा,
धुक्यातून जहाजं नावं सांगत यावीत तसे.
यास्ना म्हणाली, "जोडा ना, थांबलात का?"
मी यादी वाचत होतो.
एवढे लोक इतक्या जवळ नांगर टाकून आहेत,
मला ठाऊकच नव्हतं.

जोडलं.
पहिला निरोप आला तो असा:
नवीन अपडेट तयार आहे. आत्ता घ्यायचं?

मी 'नंतर' दाबलं
आणि जुन्या सवयीने मोठ्यानं बोललो,
ऐकलं. जागेवर थांबा. ओव्हर.