स्थानिक

आधी ळ गेला.
जिभेच्या उजव्या कडेला मसुराएवढी गाठ, मेणासारखी पिवळट.
दुखत नव्हती, म्हणून सोहारच्या उन्हात वर्षभर सांभाळली.
फळांच्या गोदामात कुणाला कळणार?
अरबीत ळ नाही, साहेबाच्या हिंदीत नाही,
पेट्या तर मुक्यानंच मोजायच्या.

कळलं ते शुक्रवारी, फोनवर.
पासपोर्टात ती विमल, माहेरीही विमलच;
विमळ म्हणणारा जगात मी एकटा.
"आज विमल का म्हणालात?" तिनं विचारलं,
"रागावलात?"

एकानं दाढेची धार घासून दिली.
दुसऱ्यानं तंबाखूचं विचारलं
आणि मग माझ्याकडे बघायचं टाळलं.
तिसरी डॉक्टर बुथैना. मोजपट्टी, भूल, चिमटा,
आणि तांदळाच्या कणीएवढा मी बाटलीत बुडालो.

नऊ दिवस.
खोलीतला मुश्ताक परकार रोज मऊ भात करायचा,
विचारायचा काहीच नाही.

लॅबमधल्या बाईला मी लिजिमोल म्हणालो.
"मोळ," ती म्हणाली. मल्याळममध्ये ळ असतो.
म्हणूनच बहुतेक तिनं मला काच दाखवली, नियमात बसत नसताना.
विटकरी रंगवलेला गाळ, पेशींच्या फटीत साचलेला.
मग तिनं उजेडाला कसलीशी चाळणी लावली, फिरवली,
आणि त्या गाळातून हिरवा उजळला.
पुस्तकात याला सफरचंदी म्हणतात म्हणे.
सफरचंदं मी मोजतो, हजारांनी; हा त्यांतला नव्हे.
हा वेळासचा, आमच्या परसातल्या केळीच्या
अजून न उलगडलेल्या सुरळीचा.

अमायलॉइड.
नावात ळ नव्हता, पहिल्या फटक्यात म्हणता आलं.

गाठ एकटी की टोळी, ते शोधायला
पोटाची चरबी, हाडातला मगज, हृदयाची सोनोग्राफी;
चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये, बसमध्ये मांडीवर.
विम्याचं कार्ड दोनदा नाकारलं.

"कुठेच नाही," बुथैना म्हणाली, "फक्त इथे."
कागदावर तिचं बोट: लोकलाइज्ड.
म्हणजे स्थानिक.
सव्वीस वर्षं मी दर दोन वर्षांनी
इथं असण्याचा शिक्का मारून घेतो.
हिला वर्षभरात मिळाला!

मी हसलो. ती दचकली.

काढली. परत येऊ शकते, दाखवत राहा, म्हणाले.
टाके विरघळल्यावर फोन लावला,
जीभ मागे वळवून टाळूला टेकवली.
अर्धा, लुळा, पण ळ.
पलीकडे कुकरची शिट्टी.
"ऐकू नाही आलं," ती म्हणाली,
"परत म्हणा."