उरलेली कणीक

एव्हारिस्तो लान्दिवार गेले, रेडिओनं सांगितलं,
एक्याण्णवाव्या वर्षी, झोपेत.
ऑक्टोबर संपत आलेला. परवा दुपारी
मेलेले सगळे जेवायला येणार,
आणि एल आल्तोतल्या आमच्या गल्लीत
भट्टीपुढं पहाटेपासून रांग.

आई म्हणाली, कणीक थोडी जास्त मळ.

तेव्हा ती नोटा मोजत नसे, तोलायची.
ओरुरोच्या वर, कथिलाच्या खाणीच्या वसाहतीत
सकाळी पाव दोन लाखांना, दुपारी तीन,
संध्याकाळी पाव नसायचाच, नुसते लाख.
गड्ड्यांवर गड्ड्या रचून, वर चढून
मी फळीवरचा साखरेचा डबा काढायचे.
डबा रिकामा असायचा.

मग हा माणूस आला. जाड भिंगांचा चष्मा,
वाक्याआधी खोकायची सवय.
सहा शून्यं कापली.
सोमवारी पाव जेवढ्याला, मंगळवारी तेवढ्यालाच.
बुधवारी आई पुन्हा जाऊन भाव विचारून आली,
काही न घेता. गुरुवारीही.
त्या आठवड्यात ती पहिल्यांदा
पुढच्या महिन्याविषयी बोलली.

पुढच्या महिन्यात खाण बंद.
कागद आला: कथिलाला जगात भाव नाही.
बाबांनी वाचला, घडी करून हेल्मेटात ठेवला
आणि ट्रकमध्ये सामानावर बसले, पाठमोरे.
त्या कागदात खोटं काहीच नव्हतं,
शेवटची बारीक ओळ सोडून:
पर्यायी रोजगार देण्यात येईल.

धातू वितळवण्याचा कारखाना मेव्हण्यानं घेतला,
भंगाराच्या भावात.
अध्यक्षांचे हात कधी ओले झाले नाहीत म्हणतात.
असेल. घरात एकाचे झाले की पुरतं.
दोन्या साबिनाचा फ्लोरेन्सियो मोर्चात गेला,
तो आता फक्त नोव्हेंबरात येतो.

बाबा शहरात बूट पॉलिश करायचे,
तोंडावर लोकरी मुखवटा,
ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.
ओळखीचे शेजारीच बसलेले असत, मुखवट्यात.

मी पडद्याचं कापड विकते, मीटरवर.
बँकेचं कर्ज आहे, पाच वर्षांचं,
आणि हप्ता बदलत नाही.
हे त्याचंच देणं, मी नाही कशाला म्हणू?
माझ्या मुलीला शून्य माहीत आहे
ते परीक्षेतलं, तेवढंच.

बाबांचा पाव आईनं स्वतः घडवला.
बाजारातून मातीचा मिशीवाला चेहरा आणून
कणकेत बसवला, नीट, अंगठ्यानं.
उरलेला गोळा माझ्याकडं सरकवला.
हा त्याचा.
चेहरा एकच शिल्लक होता, देवदूताचा.
असू दे, म्हणाली. डोळे आहेत ना? बघू दे.
हात मात्र आखूड ठेव.
ताटापर्यंत पोचावेत.
डब्यापर्यंत नकोत.

भट्टीत तो जरा जास्तच फुगला.
टेबलाच्या कडेला ठेवला, बाबांपासून दूर,
कांद्याच्या पातीमागं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेलेले निघून गेल्यावर,
दोन्या साबिना आली.
कोण हा, असं तिनं विचारलं नाही.
बराच वेळ बघत राहिली.
मग त्याचा एक पाय मोडला,
चहात बुडवला,
दात नाहीत म्हणून सावकाश खाल्ला.

मीठ बरोबर पडलंय, म्हणाली.