उजवीकडे

पासवर्ड घेतला त्यानं.
निळ्यावर पांढऱ्या अक्षरात स्वागतसुद्धा केलं
आणि मग काळं.
नुसतं काळं, त्यात बाणाचं एक पांढरं टोक.

"सकाळधरनं असंच," मठपती म्हणाले,
"या बसा म्हणतंय, अन् आत गेलं की दिवा नाही."

उदगीर, मोंढ्यामागची गल्ली, दुपारचे सव्वाबारा.
संगम फोटो. अल्बम, पासपोर्ट, लॅमिनेशन.
देवणीच्या लग्नाची चौसष्ट पानं आत अडकलेली,
नवरीचे मामा बाहेर बाकावर.
मी सॅक खाली ठेवली तर मामा माझ्या मागं बघायला लागले,
मिस्त्री अजून यायचा असेल म्हणून.

कंट्रोल, आल्ट, डिलीट.
यादी आली. टास्क मॅनेजर मागितला.
यादी गेली, तोही आला नाही,
की आला आणि कुठं गेला?
बंद केलं, चालू केलं. मठपतींनी हात जोडले,
मला की यंत्राला, विचारलं नाही.

सेफ मोडमध्ये मात्र सगळं जागच्या जागी.
चित्रं ढोबळ, रंग उतरलेले, पण देवणी आहे,
हळद आहे, वरमाय आहे.
मामा उठून आत आले, बघितलं, परत जाऊन बसले.
म्हणजे डिस्क धड आहे. म्हणजे रोग दुसराच.

पुन्हा नेहमीच्या दारानं आत. पुन्हा काळं.
पेन ड्राइव्ह खुपसला तर टुडुंग वाजलं.
घरात माणूस आहे, आवाज देतोय,
फक्त दिसत नाही.

काय करावं सुचेना म्हणून उगंच माउस फिरवत बसले.
वर, अडला. खाली, अडला. डावीकडे भिंत.
उजवीकडे
गेला.
टोक गेलं, शेपूट गेलं, परत येईना.
डावीकडे दोन वीत ओढला तेव्हा कुठं
कडेतून डोकं बाहेर काढलं त्यानं,
शेजारच्या घरातून आल्यासारखं.

"आप्पा, हिकडं उजव्या हाताला काय होतं?"

मठपती चष्मा पुसायला लागले.
टेबलावर धुळीत एक चौकोन होता, त्यातली धूळ कोवळी.
"खय्यूमचा मॉनिटर."
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
"अकरा वर्षं. नवरा मी कापायचो, नवरी तो.
बिदरला टाकलंय आता त्यानं. मोठं आहे म्हणतात. काचेचं."

मी टेबलाखाली शिरले.
जळमटं, सुपारीचं एक खांड, कुणाचातरी अर्धा पासपोर्ट फोटो,
आणि सीपीयूच्या पाठीला बोटभर कन्व्हर्टर,
पुढं वायर नाही, काही नाही.
न्यायच्या घाईत एवढं राहिलं.
एवढ्यावरून यंत्र समजत होतं की शेजारी पडदा आहे,
आणि तोच मुख्य आहे,
आणि रोज सगळं मांडत होतं तिकडं:
घड्याळ, फोल्डर, देवणीचं लग्न, मी मागितलेला टास्क मॅनेजर.

"इतके दिवस मग कसं चालत होतं?"
"बंदच नव्हतं केलं. रात्री लाइट गेली."

"काढू?" मी खालूनच विचारलं.
"त्यासाठीच बोलावलंय की."
तरी मी जरा थांबले. मग ओढला.
वर मामा ओरडले, "आलं! आलं!"

सगळे आयकॉन डाव्या अंगाला गोळा झालेले,
एस्टीला आत घुसल्यासारखे, एकमेकांच्या पायावर.
'मठपती हिशोब'. 'देवणी फायनल'. 'देवणी फायनल खरं'.
'खय्यूम अर्धवट'.
"हे उडवायचं का?" नको म्हणाले. मग म्हणाले, बघू.

दोनशे झाले. दीडशे दिले, पन्नास फोटोत कापा म्हणाले.
मलाही अर्जाला लागतच होते, बसले स्टुलावर.
"कान दिसू द्या. हनुवटी खाली. आणखी थोडी."
कन्व्हर्टर त्यांनी फुंकून ड्रॉवरमध्ये ठेवला होता,
रबरबँड आणि जुन्या रोलच्या डब्यांत.

निघताना वळून पाहिलं:
मामा घाई करतायत,
आणि मठपती माउस उजवीकडे नेतायत,
कडेला लावतायत,
पुन्हा नेतायत.